ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जावं का?



मागच्या भागात मृत्युपत्राविषयी बोललो होतो. त्यानंतर इंदूर, बडोदा, हैदराबाद, रायपूर इथल्या आपल्या लोकांनी फोन करून एकच गोष्ट विचारली. "साहेब, तुम्ही स्वतः कोइमतूरला सीनियर लिव्हिंगमध्ये राहता. आम्ही जावं का?" आज त्याचं उत्तर देतो. ते थोडं लांबेल, कारण आम्हाला इथे येऊन सव्वीस महिने झाले आणि एवढ्या काळात माझं मत दोनदा बदललं.

आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. आम्ही निघालो तेव्हा धाकटी बहीण रडवेली होऊन म्हणाली, "दादा, वृद्धाश्रमात चाललात?" वृद्धाश्रम म्हणजे बहुतेक करून ट्रस्टने चालवलेली संस्था, एक खोली, एक कॉट, ठरलेलं जेवण. इथे तसं नाही. आपला स्वतंत्र फ्लॅट, आपलं स्वयंपाकघर, आपली किल्ली. त्यावर जेवणघर, साफसफाई, नर्स, प्लंबर, गाडी अशा सेवा, आणि त्या सगळ्याचं महिन्याचं बिल. पुण्यातले अथश्री प्रकल्प, दिल्लीजवळ भिवाडीतलं आशियाना उत्सव, डेहराडूनचं अंतरा ही नावं तुम्ही ऐकली असतील. कोइमतूरच्या आसपास तर अशा वसाहती पुष्कळ आहेत. मुलं अमेरिकेत, आई-बाप इथे, ही गोष्ट तमिळ मध्यमवर्गात आपल्या आधी सुरू झाली.

या व्यवस्थेत तीन पायऱ्या असतात. पहिली, स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांसाठी. दुसरी, अंघोळ, कपडे, औषधं यात मदत लागणाऱ्यांसाठी. तिसरी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी किंवा स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी. जाहिरातीत हसरी जोडपी सायकल चालवताना दिसतात ती पहिल्या पायरीची. बहुतेक वसाहती मुळात त्याच पायरीसाठी बांधलेल्या असतात. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आम्ही इथे का आलो? आमच्या थोरल्या दादांमुळे. पुण्यात चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे, वय एक्याऐंशी, तब्येत ठणठणीत. वहिनी आधीच गेल्या होत्या, मुलगा परदेशात. एका रात्री बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी दूधवाला बेल वाजवून गेला, कामाची मावशी बेल वाजवून गेली, तिला वाटलं साहेब फिरायला गेले असतील. दुपारी मी फोन करकरून थकलो तेव्हा शेजाऱ्यांना सांगितलं. दार आतून बंद, कडी लावलेली. सुतार बोलावून दार तोडलं. चौदा तास दादा फरशीवर होते. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ते उभे राहिले नाहीत. सहा महिन्यांनी गेले.

तेराव्याच्या दिवशी सौ. मला म्हणाली, "अहो, आपलं काय?"

मी वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजमध्ये होतो त्या काळापासून कोइमतूर ओळखीचं. हवा चांगली. पालघाटच्या खिंडीतून वारा येतो, त्यामुळे उन्हाळाही सोसवतो. दवाखाने उत्तम, डोळ्यांसाठी अरविंद रुग्णालय आहे, आमच्या ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक आहे. माजी सैनिकांची ही आरोग्य योजना २००३ साली सुरू झाली, तिच्यावर आम्हा दोघांचा भरवसा. एवढं बघून आम्ही आलो. सुदैवाने फ्लॅट विकत घेतला नाही, तीन वर्षांच्या करारावर भाड्याने घेतला. ही हुशारी माझी नव्हे. सौ.ने हट्ट धरला म्हणून.

आता चांगलं काय ते सांगतो, आणि मोकळ्या मनाने सांगतो.

पहिली गोष्ट स्वयंपाकघर. माझ्या नोकरीत सोळा बदल्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी सौ.ने नवा गॅस, नवी भाजीवाली, नवं पाणी यांच्याशी जमवून घेतलं. चाळीस वर्षं "आज काय करू?" हा प्रश्न तिच्या डोक्यात सकाळी सहाला सुरू व्हायचा. इथे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मला आता दुपारी झोप लागते." मला हे चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. पुरुषांनो, वसाहतीचा विचार करताना क्लबहाउस किती मोठं आहे ते नंतर बघा, आधी हे बघा.

जेवण तिखट नसतं, सांबार रोज असतं, आणि पोहे मागितले तर लिंबू पिळलेलं ओलं काहीतरी मिळतं. दर शनिवारी सौ. आपल्या हाताने थालीपीठ लावते, पण हौसेने.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणाच्या तरी लक्षात येणं. सकाळी नऊपर्यंत जेवणघरात आपली खुर्ची रिकामी दिसली की फोन येतो. फोन उचलला नाही तर माणूस येतो. बाकी सगळ्या सोयी शहरात पैसे टाकून मिळतात. मोबाईलवर डबा मागवता येतो, आया ब्युरोतून मावशी मिळते, प्लंबर मिळतो. आपण दिसलो नाही हे अर्ध्या तासात कोणाला तरी समजणं, हे मात्र फ्लॅटसंस्कृतीत विकत मिळत नाही. दादा इथे असते तर चौदा तास पडून राहिले नसते.

असं मी धरून चाललो होतो. पण फौजेतली सवय, खात्री करून घ्यावी म्हणून एका रात्री दोन वाजता बाथरूममधली लाल दोरी मुद्दाम ओढली आणि घड्याळ लावून बसलो. चार मिनिटांत चौकीदार आला. शाबास. अकराव्या मिनिटाला नर्स आली. तेही ठीक. पण दोघेही बाहेर उभे, कारण आम्ही रात्री झोपताना आतून कडी लावली होती! ऑफिसातली जादा किल्ली त्या कडीपुढे निरुपयोगी. दादांच्या दाराचं जे झालं तेच इथे, फक्त माणसं वेळेवर आलेली. दुसऱ्या दिवशी मी कडी काढून टाकली. तुम्ही वसाहतीत जा किंवा नका जाऊ, आज रात्री आपल्या घरातली आतली कडी आणि बाथरूमची कडी याचा विचार करा. कुलूप असं हवं की बाहेरून किल्लीने उघडेल, आणि ती किल्ली शेजाऱ्याकडे असेल.

त्याच रात्री आणखी एक कळलं. माहितीपुस्तिकेत "चोवीस तास वैद्यकीय सेवा" असं छापलेलं आहे. प्रत्यक्षात रात्री एक नर्स, एक ऑक्सिजन सिलिंडर आणि एक रुग्णवाहिका, जिचा चालक रात्री स्वतःच्या घरी झोपतो. डॉक्टर दिवसातून दोन तास येतात. ही फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, नर्स चोवीस तास असते हे खरंच. पण ते वाचताना आपल्या मनात छोटं हॉस्पिटल उभं राहतं, आणि ते तिथे नसतं.

आता पैसा. याबद्दल आपली माणसं बोलायला लाजतात, म्हणून मी माझेच आकडे देतो. आम्हा दोघांचं वसाहतीचं बिल, घरभाडं वेगळं ठेवून, महिन्याला सुमारे ३२,००० रुपये. त्यात सेवाशुल्क १९,००० आणि जेवणाचे माणशी ६,५००. करारात दरवर्षी आठ टक्के वाढ लिहिलेली आहे. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्या चालीने नऊ वर्षांत बिल दुप्पट होतं. पंधरा वर्षांनी ते एक लाखाच्या वर गेलेलं असेल. मी तेव्हा ब्याऐंशीचा.

आणि आमच्यापैकी एक गेला तर? सेवाशुल्क फ्लॅटवर असतं, माणसावर नाही. ते १९,०००च राहतं. फक्त एकाचं जेवण कमी होतं. म्हणजे खर्च ३२,००० वरून २५,५०० वर येतो, वीस टक्क्यांनी उतरतो. उत्पन्नाचं काय होतं ते बघा. पेन्शन ढोबळमानाने शेवटच्या वेतनाच्या निम्मं असतं, आणि मागे राहिलेल्या पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. सुरुवातीची काही वर्षं ते वाढीव दराने मिळतं खरं, पण ६७ वर्षांच्या वयाची मर्यादा आहे आणि मी ती गाठलीच आहे. म्हणजे माझ्यामागे सौ.चं उत्पन्न ४० टक्क्यांनी उतरणार, खर्च २० टक्क्यांनी. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा पहिल्यांदा माझं मत बदललं. ज्यांना पेन्शनच नाही, ठेवींच्या व्याजावर आहेत, त्यांनी हे गणित बयाणा देण्याआधी करावं. जोडप्याचं बिल बघून निर्णय घेऊ नका. मागे राहणाऱ्या एकट्याचं बिल आणि त्या एकट्याचं उत्पन्न, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

दुसऱ्यांदा मत बदललं ते इंदूरच्या काका-काकूंमुळे.

या वसाहतीत आम्ही मराठी बोलणारी तीनच घरं. एक आम्ही, एक हे इंदूरवाले, आणि एक आजोबा, जे मूळचे तंजावरचे. त्यांच्या घरात शेकडो वर्षांची मराठी आहे. क्रियापदं ओळखीची, सूर पुरता तमिळ. ते बोलायला लागले की सौ. पहिल्यांदा हसायची, आता कान देऊन ऐकते. संध्याकाळी आमची बैठक जमायची. काका बँकेतून निवृत्त, काकू शाळेत गाणं शिकवायच्या. मुलगा कॅनडात.

काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग एका दुपारी त्या दुसऱ्याच मजल्यावर दुसऱ्याच दाराला किल्ली लावत उभ्या राहिल्या. निदान स्मृतिभ्रंशाचं झालं. व्यवस्थापनाने काकांना बोलावून नम्रपणे सांगितलं की ही वसाहत स्वतःचं स्वतः करणाऱ्यांसाठी आहे. काकूंना ठेवायचं तर चोवीस तासांची मदतनीस स्वखर्चाने ठेवा, नाहीतर दुसरीकडे सोय बघा. करारात तसं कलम होतं. सही करताना काकांनी ते वाचलं होतं, मीही माझ्या करारात वाचलं होतं. आपल्याला नाही लागणार असं प्रत्येकाला वाटतं.

मदतनीस ठेवल्या. दोन पाळ्यांचे मिळून चाळीस हजारांच्या पुढे. आमची ईसीएचएस असो किंवा तुमचा आरोग्य विमा, हॉस्पिटलचा खर्च देतात, घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार देत नाहीत. पण पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. काकूंना एरवी हिंदी छान यायची, इंग्रजी यायची, कामापुरती तमिळही शिकल्या होत्या. या आजारात नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी जातात. काकूंकडे फक्त मराठी उरली. आणि मदतनीस मुली तमिळ. चांगल्या होत्या हो पोरी, "अम्मा, अम्मा" करायच्या. काकू म्हणायच्या "मला लघवीला जायचंय", त्या पोरी पाण्याचा ग्लास आणायच्या. काकू चिडायच्या, मग रडायच्या. सौ. दिवसातून चार वेळा तिकडे धावायची.

एका रात्री परत येऊन ती म्हणाली, "तुम्ही आधी गेलात आणि मला असं झालं, तर मी इथे कोणाशी बोलू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंडळी, तुम्ही वेगवेगळ्या राज्यांत राहता, तिथली भाषा बोलता, तिथलेच झाला आहात. पण तुमचं शेवटचं वर्ष कोणत्या भाषेत जाणार हा प्रश्न वसाहत निवडताना स्वतःला विचारा. बायको किंवा नवरा कोणत्या भाषेत जाणार, हे तर आधी विचारा. मी तो विचारला नव्हता. मी हवा बघितली, दवाखाने बघितले, मैदान बघितलं.

काका-काकूंनी परत इंदूरला, पुतण्याजवळ जायचं ठरवलं. तेव्हा दुसरं संकट. त्यांनी फ्लॅट विकत घेतला होता, तोही हौसेने काकूंच्या नावावर. आता विक्रीला काकूंची सही हवी. काकांकडे काकूंनी पूर्वी करून दिलेलं कुलमुखत्यारपत्र होतं, पण आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की ती मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवशी कागदाची खरी गरज, त्याच दिवशी तो कागद निकामी. मग पालक नेमून घेण्यासाठी कोर्टात, बहुतेक वेळा उच्च न्यायालयात जावं लागतं. शिवाय गिऱ्हाईकही ज्येष्ठच हवं, वसाहतीची वयाची अट असते. फ्लॅट आज कुलूपबंद आहे आणि बंद फ्लॅटचं सेवाशुल्क काका दर महिन्याला इंदूरहून भरतात.

म्हणून माझं स्पष्ट मत. चालते-फिरते आहात, दोघांनाही घर चालवण्याचा कंटाळा आलाय, गप्पा आवडतात, तर अशी वसाहत तुमची दहा वर्षं सुखाची करेल. खुशाल जा. पण विकत घेऊ नका, निदान पहिली तीन वर्षं नाही. तुम्ही घेताय ते भिंती नाहीत, सेवा आहे, आणि सेवा देणारा उद्या बदलू शकतो. बिल्डर सगळे फ्लॅट विकून मोकळा होतो, कारभार दुसऱ्या कंपनीकडे जातो, आणि जेवणघराचा ठेका तिसऱ्याकडे. आमच्याकडे सव्वीस महिन्यांत दोनदा आचारी बदलले, एकदा मॅनेजर.

कायदा काय करतो? केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या लागू करणं राज्यांवर सोडलं. महाराष्ट्रात महारेराने २०२४ साली अशा प्रकल्पांसाठी किमान अटी घातल्या. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल असे किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, वगैरे. चांगलं झालं. टेप घेऊन जा आणि दार मोजा, लाजू नका. पण रेरा कायदा बांधकामाचं आणि ताब्याचं बघतो. नर्स रात्री हजर होती का, सांबारात डाळ होती का, हे तुमच्या सेवाकरारावर. त्यासाठी भांडायचं तर ग्राहक आयोग, आणि ऐंशीव्या वर्षी तारखांना कोण जाणार?

तेव्हा करार हातात घ्या आणि बाहेर पडण्याची कलमं आधी वाचा. फौजेत ठाणं घेण्याआधी माघारीचा रस्ता बघून ठेवतात, तसं. डिपॉझिट किती दिवसांत परत? एकजण गेल्यावर बिल किती? कोणत्या अवस्थेत ते आपल्याला "आता जा" म्हणू शकतात, आणि ते ठरवणार कोण, त्यांचा डॉक्टर की आपला? बाहेर पडलेल्याला दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची जागा त्यांच्याच संस्थेत मिळेल का? मुलगी बाळंतपणानंतर महिनाभर येऊन राहिली तर चालेल का? आमच्याकडे पाहुण्याला सलग पंधरा दिवसांची मर्यादा आहे, नात आली तेव्हा सोळाव्या दिवशी चिठ्ठी आली.

आणि वसाहत बघायला जाल तेव्हा विक्रीवाल्या मुलाबरोबर फिरू नका. जेवणाच्या वेळी न सांगता जा, पैसे देऊन जेवा, आणि एकट्या राहणाऱ्या बाईंच्या टेबलावर बसा. जोडपी चांगलंच सांगतात. एकटी बाई खरं सांगते. मॅनेजरला एक प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांत इथून कोण गेलं, आणि कुठे गेलं?

हा प्रश्न मी गेल्या महिन्यात पुण्याजवळच्या दोन ठिकाणी विचारला. हो, आम्ही शोधतोय. इथला करार मार्चमध्ये संपतो. पहिल्या ठिकाणी मॅनेजरने चहा मागवला आणि विषय क्लबहाउसकडे नेला. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी रजिस्टर उघडलं आणि नावं झाकून वाचून दाखवलं: सात जण वारले, त्यातले चार इथेच आपल्या खोलीत, तीन हॉस्पिटलात, दोन जण मुलांकडे गेले, एक आजी मागच्या इमारतीत, शुश्रूषेच्या विभागात. सौ. त्या मागच्या इमारतीत गेली ती तासभर आलीच नाही. मी बघायला गेलो तर ती एका मावशींशी बोलत बसली होती. मावशी साताऱ्याकडच्या. एका आजींना मऊ भात भरवत होत्या आणि त्यांच्याशी अखंड बोलत होत्या, गावातल्या जत्रेबद्दल.

तिथे जेवणघर छोटं आहे, मैदान नाही, आणि माझ्या संध्याकाळच्या फिरण्याचं कठीण आहे. तंजावरचे आजोबाही तिथे नसतील. सौ.ने मात्र परतीच्या गाडीत भाड्याचा तक्ता काढून एकट्याच्या बिलाच्या रकान्यावर पेन्सिलीने खूण केली.